विजूकडे दिलेला गठ्ठा

नंदुरबारात उतरलं की मला आधी शिंक येते, मग गाव दिसतं. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, नजर जाईल तिथवर लाल, आणि वारा फिरला की आख्खं गाव एकदम नाक पुसायला लागतं. इथली माणसं म्हणतात, सवय होते. मला जन्मापासून सतरा वर्षं इथे काढून झाली नाही, तर पुण्यात आयुष्य घालवल्यावर होण्याचा प्रश्नच नाही. या खेपेला रिक्षात बसता बसता सात शिंका आल्या. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. हा मला परगावची समजून लांबच्या रस्त्याने नेणार, असं लगेच माझ्या मनात आलं. त्याने सरळ नेलं. तरी उतरेपर्यंत मी वळणं मोजत होते.

स्वभावच तसा आहे माझा, आणि त्याला धंद्याने आणखी धार लावली. मी रशियन शिकवायची. त्यातही जुनं रशियन, पाचसहाशे वर्षांपूर्वी तिकडच्या मठांमधून लहिये बसून ज्या बखरी उतरवायचे, त्या वाचायचा माझा अभ्यास. आमच्या या विद्येत पहिला धडाच संशयाचा. पोथी समोर आली की विचारायचं, हे कोणी लिहिलं, मध्येच हात बदलला का, हे पान मूळचं की मागून कोणी घुसवलं. असं चाळीस वर्षं विचारत राहिलं की मग दूधवाला, शेजारीण, बँकेतला माणूस, सगळ्यांकडे आपण पोथीसारखं बघायला लागतो. विद्यार्थी मला पाठीमागे फौजदारीण म्हणायचे. हेही मला माहीत होतं, कारण तसा संशय मला होताच.

मांडीवर माझा प्रबंध होता. नंदुरबारलगतच्या आमच्या कोरीटहून भावाचा फोन आला होता, बेन, घराला रंग काढतोय, माळ्यावर तुझी पुस्तकं आहेत, ती ने नाहीतर मी आणून टाकतो पुण्याला. आदल्या दिवशी तिथे जाऊन खोकं उघडलं, तर सगळ्यांत खाली हा प्रबंध निघाला. काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, पुढचा पुठ्ठा सांध्यातून सुटलेला. ज्यांनी तो बांधला त्या रज्जाकचाचांच्याच दुकानात तो नेऊन द्यावा, एवढाच माझा विचार होता. खरं तर हा प्रबंध मी मुद्दामच माळ्यावर टाकला होता. त्याला शेवटी बारा कागद जोडायचे होते आणि ते जोडलेले नाहीत. ते बारा कागद माझ्या मैत्रिणीने, विजूने घेतले, असं मी इतकी वर्षं मानत आले. नुसतं मानलं नाही, तसं लिहून दिलं होतं.

रशिया आमच्या घरात वह्यांच्या कव्हरांवरून आला. नंदुरबारच्या स्टँडसमोर वर्षातून एकदा पुस्तकांची गाडी लागायची आणि तिकडची चित्रांची मासिकं अगदी स्वस्तात मिळायची. आबा, माझे वडील, कापूस घेऊन बाजाराला आले की त्यांतली पाचसहा उचलून आणत. वाचायला नव्हे. तो गुळगुळीत कागद कव्हराला उत्तम, वर्षभर फाटत नाही. त्यामुळे माझ्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी बाई होती, भूगोलावर बर्फातली घोडी, आणि मराठीच्या वहीवर एक जुनं पान होतं. काळ्या ओळी आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर लाल. पथारीवरच्या मिरचीचा लाल, ओली मिरची वाळत आली की होतो तो. मी त्या अक्षरावर बोट फिरवत बसायची. त्या कव्हराला एक वास होता, रॉकेलचा आणि नव्या रबराचा मिळून. आता तो वास कुठेच येत नाही.

वह्या, पुस्तकं, आबांची पंचांगं, सगळं बांधायला जायचं ते रज्जाकचाचांकडे. दुकान एवढंसं, पण आत शिरलं की खळीचा वास अंगावर येई. मैद्याची खळ शिजत असायची, तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकलेलं, त्याने ती निळसर दिसे. चाचा दाभणात दोरा ओवताना जीभ दातात धरत. वही द्यायला गेलं की ते आधी पानं मोजायचे आणि परत देताना आपल्यालाही मोजायला लावायचे. मला ते फार आवडायचं. जगात आणखी एक माणूस माझ्यासारखा आहे, असं वाटायचं.

पुण्यात रशियन शिकायला गेले तेव्हा वर्गात आमच्या जिल्ह्याची आणखी एक मुलगी निघाली. विजया. विसरवाडीची. तिच्या वडिलांचं हमरस्त्यावर हॉटेल होतं, ट्रकवाले आणि एस.टी.वाले जेवायला थांबत ते. ती पहिल्याच दिवशी मला अहिराणीत म्हणाली, तू कोठली शे, आणि मी एवढी हरखले की तिला कोरीटपासून प्रकाशापर्यंतची सगळी गावं सांगितली. वर्गात कोणाची टिंगल करायची असली की आम्ही अहिराणीत करायचो आणि सुट्टीत नंदुरबारच्या बाजारात हिंडताना रशियनमध्ये. एका भाजीवालीने एकदा आम्हाला विचारलं होतं, पोरी कोणत्या पाड्यावरच्या. आम्ही तिला एक नाव ठोकून दिलं.

विजू वाचायची ते माझ्या उलट. मी ओळीत खोट शोधायची, ती माणूस शोधायची. तिकडच्या लहियांची एक रीत आहे. बखर संपली की शेवटच्या पानावर ते वाचणाऱ्याची माफी मागतात. हात गारठले होते, शाई पातळ होती, मी अडाणी आहे, चुकलं असेल तिथे सुधारून घ्या, पण मला शाप देऊ नका. अशा अर्थाचं काहीतरी जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. मी म्हणायची, ठरीव मजकूर आहे तो, सगळेच लिहितात. विजू म्हणायची, सगळेच लिहितात म्हणून खोटं कसं होईल, थंडी सगळ्यांनाच वाजत असणार. आमचे सर दोघींचं ऐकून घेत आणि चष्मा पुसत राहत.

पहिली रशियाला जायची पाळी माझी आली. पासपोर्टाच्या चौकशीला कोरीटच्या आमच्या ओट्यावर एक पोलीस आला. गावात कुजबुज होतीच, गुजराची पोर रशियात कशाला चालली, तिकडे काय हेरगिरी शिकवतात की काय. पोलिसाने आबांना विचारलं, तिकडे काय शिकणार. आबा म्हणाले, जुन्या पोथ्या. त्याने थोडा विचार केला आणि कागदावर लिहिलं, धार्मिक शिक्षण. मग आईने दिलेलं ताक पिऊन तो गेला. मी मात्र महिनाभर धास्तीत होते की गावातलं कोणीतरी काहीतरी कळवणार.

तिकडच्या पोथीखान्याची मला अजून आठवण येते ती तिथल्या बाईमुळे. जाडजूड, करड्या शालीतली. पोथी देताना ती पानं मोजायची, घेताना मोजायची. शाईचं पेन आत नेऊ द्यायची नाही, फक्त पेन्सिल. हात धुवायला लावून वर उलटेपालटे करून बघायची. बाहेर बर्फ पडत असायचा, आत नळ्यांमधून गरम पाणी खळखळत असायचं, आणि मी एका बखरीच्या मधल्या पानांवर डोळे लावून बसलेली असायची. त्या पानांत अक्षर अचानक मोठं झालं होतं आणि उजवीकडे झुकलं होतं. लाल अक्षरंही तिथे थांबली होती. सगळे म्हणत होते, बखर एकाच लहियाची. मला खात्री पटली की इथे दुसराच हात आहे, कोणीतरी मागून येऊन ही पानं घुसवली आहेत. मी ती अक्षरं वळण न वळण जपून पेन्सिलीने उतरवून घेतली, आणि शेवटचा माफीचा मजकूरही. बारा कागद भरले. तेवढाच माझा पुरावा होता.

परत आल्यावर प्रबंध पुण्यात टाईप झाला. टाईप करणाऱ्याने बिघडवलेले कागदसुद्धा मी त्याच्याकडे ठेवले नाहीत, मागून घेतले. न जाणो, त्यातून कोणी माझं चोरलं तर. पुण्यातल्या बांधणीवाल्यांवरही माझा भरवसा नव्हता, म्हणून सगळंच कोरीटला आणलं, रज्जाकचाचांकडे द्यायला. आणि नेमकं भावाचं लग्न आलं.

लग्नघरात काय असतं ते सांगायला नको. माळ्यापासून माजघरापर्यंत पाहुणे, पेटीवर पेट्या, हळद, केळीची पानं, जोवार कुटण्याचा आवाज. माझ्या खोलीत नऊ बायका झोपत होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. विजू लग्नाला आली होती आणि परत विसरवाडीला निघाली होती. तिला नंदुरबारला गाडी बदलायची होतीच. मी तिला म्हटलं, गठ्ठा चाचांकडे देऊन जा. सांगितलं की चांगली पानं मध्ये आहेत, त्यांना मळ लागू नये म्हणून खालीवर रद्दी घातलीय, आणि वर फडक्यात बारा कागद आहेत ते माझ्या प्रतीच्या शेवटी बांधायचे. ती म्हणाली, तू झोप. ओला रुमाल माझ्या कपाळावर ठेवून ती गेली. तिच्या हाताला तेव्हा मेंदीचा वास होता.

आठवड्याने प्रबंध बांधून आले. चार प्रती. एकीतही ते बारा कागद नव्हते. मी तशीच अशक्त अंगाने चाचांकडे गेले. त्यांनी सांगितलं, फडक्यात काहीच नव्हतं बेटी, गठ्ठ्यात चांगली पानं होती आणि रद्दी होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते पानं मोजून घेणारे, मोजून देणारे. ते खोटं बोलतील असं मला वाटेना. मग उरली कोण.

पुण्याला परतून मी विसरवाडीला पत्र टाकलं. विजू लगोलग पुण्याला निघून आली. तिने आपली पिशवी उलटी करून दाखवली, ते मला तेव्हा नाटक वाटलं. ती खाली बघत एकच वाक्य बोलली, "मन्हा हातम्हाईन काही गयं व्हई ते माले याद नही." तिच्या हातून काही पडलं असेल तर तिला आठवत नव्हतं, इतकंच त्यात होतं. मी त्यात कबुली ऐकली.

पुढे सहा महिन्यांनी तिने विभागात एक निबंध वाचला. त्याच बखरीवर. छापील पुस्तकात आलेल्या चारदोन फोटोंवरून तिने म्हटलं होतं की मधल्या पानांत हात बदललेला नाही, लहिया एकच आहे. माझं म्हणणं खोडायला तिला माझे कागद बघितल्याशिवाय सुचलंच कसं? त्याच संध्याकाळी मी सरांना लिहून दिलं की विजयाने माझी टिपणं घेतली आणि वापरली. सरांनी दोनदा विचारलं, तुला नक्की माहीत आहे का. मी म्हटलं, गठ्ठा माझ्या हातून निघून चाचांच्या हाती गेला, मध्ये एकच हात होता. रशियाला जायची पुढची पाळी विजूची होती. उलगडा होईपर्यंत सरांनी तिचे कागद थांबवले. उलगडा कोण करणार होतं? दोन महिने वाट पाहून ती विसरवाडीला गेली आणि वडिलांच्या हॉटेलात बसली.

माझी नोकरी मात्र नीट चालली. पुराव्याशिवाय माझं शेवटचं प्रकरण लटकलं, पण पदवी मिळाली. सुरुवातीला वर्गात जागा पुरत नसे. मग तिकडचं राज्यच बदललं आणि इकडे रशियन कोणाला नको झालं. जुन्या रशियनला एखाद्या वर्षी दोन मुलं यायची, एखाद्या वर्षी एकच, आणि तेही सुट्टी घ्यायचं. चर्चासत्रांत मी उठले की बोलणारा आधीच आपले कागद चाळायला लागायचा, कारण मी विचारायचीच, हा हात त्याचाच कशावरून. नाव झालं माझं. रशियाला आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा ती बखर मागवायची राहून गेली. वेळ मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. वेळ होता. मला भीती वाटत होती.

तर त्या दिवशी दुकानात पोचले. चाचा जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्या गादीवर त्यांची मुलगी शबाना बसते, आता तिचीही पन्नाशी उलटली असेल. झेरॉक्सचं मशीन, लॅमिनेशन, लग्नपत्रिकांचे नमुने, आणि मागच्या कोपऱ्यात बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा चाचांचा लाकडी दाब तसाच. खळीचा वास नाही, आता डबाबंद गोंद असतो. तिने मला ओळखलं. प्रबंध हातात घेऊन तिने सुटलेला पुठ्ठा दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिला, कानाशी नेऊन बोटाने वाजवला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, आता ही काहीतरी मोठं काम काढणार.

"बाई, हाऊ पुठ्ठा नही शे," ती म्हणाली. "कागदस्ना थर शे."

मग तिने जरा ओशाळून सांगितलं. चाचांचा पुठ्ठा सुरतेहून यायचा. कधी तो संपला की ते घरीच पुठ्ठा करायचे, रद्दी खळीने एकावर एक चिकटवून, दगडांखाली वाळवून. गिऱ्हाइकाला ते सांगत नसत, त्यांना त्याची लाज वाटायची. पण रद्दीचा एक कागद म्हणून फेकला नाही कधी त्यांनी. मी उभी होते ती बाकावर बसले. कारण हे मला माहीत होतं. रज्जाकचाचांचं नाही, पण हे. जुन्या बांधणीवाल्यांनी रद्दी म्हणून पुठ्ठ्यात घातलेल्या पानांतून तिकडे हरवलेल्या पोथ्या सापडतात. दरवर्षी पहिल्या तासाला मी हेच शिकवायची, की हरवलेलं पान शोधायचं तर आधी पुठ्ठा उकला. दुसऱ्यांच्या पुठ्ठ्यांवर मी भाषणं दिली होती.

मी शबानाला म्हटलं, उकल. तिने परातीत पाणी घेतलं, पुठ्ठा त्यात सोडला आणि आम्ही चहा प्यायलो. पाणी हळूहळू निळसर झालं. मोरचूद. इतक्या वर्षांनी तो वास पुन्हा आला आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. शबाना सुरीच्या पात्याने एकेक थर सोडवत गेली. टाईपचे बिघडलेले कागद निघाले, खाडाखोडीचे, फिकट झालेले. त्यांच्यामध्ये पेन्सिलीचं अक्षर निघालं. पेन्सिलीला पाणी लागत नाही. पोथीखान्यातल्या त्या बाईने शाई आत नेऊ दिली असती तर काही उरलं नसतं. पुढच्या पुठ्ठ्यात सहा कागद होते. मागचा पुठ्ठाही मी उकलायला सांगितला. त्यात सहा.

तेव्हा मला ती सकाळ दिसली. लग्नाची. खोलीतल्या बायका पोशाख करत होत्या, कोणीतरी माझ्या पेटीवर टिकल्या ठेवल्या होत्या, आणि मला वाटलं होतं की यातली एखादी हे कागद उचलेल, एखादी पोर त्यांच्यावर मेंदी काढेल. मी ते बारा कागद फडक्यातून काढले आणि रद्दीच्या मधोमध लपवले. रद्दीला कोण हात लावतं? संध्याकाळी परत फडक्यात ठेवीन, असं ठरवलं होतं. मग वरात आली, मग ताप आला. फडक्यात मी काही ठेवलंच नव्हतं. ठेवायचं ठरवलं होतं ते ठेवलं म्हणून माझ्या डोक्यात बसलं, आणि जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला आपल्या डोक्यावर एकदाही संशय आला नाही.

शबानाने कागद टिपकागदात दाबून वाळवले. दुसऱ्या दिवशी मी विसरवाडीची गाडी धरली. वाटेत ऊस वाहणारे ट्रॅक्टर, केळीच्या बागा, मग घाटाकडची टेकाडं. काय बोलायचं ते मी रशियनमध्ये जुळवून पाहिलं, मराठीत पाहिलं, अहिराणीत पाहिलं. तिन्हीत ते वाईटच दिसत होतं. ती मला ओळखणार नाही, अशी मला आशाही होती.

हॉटेल रस्त्याला लागूनच आहे, फाट्याच्या अलीकडे. पत्र्याचं छप्पर मोठं झालंय, बाहेर ट्रकांची रांग. गल्ल्यावर एक पांढऱ्या केसांची बाई चष्मा नाकावर ओढून बसली होती. मी पायरीवर थबकले. तिने वर पाहिलं, बघत राहिली, आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बठ," ती म्हणाली. "चाय लेशी ना?"

मी कागद तिच्यासमोर ठेवले. पाण्याने ते सुरकुतले होते, कडांना अजून खळ होती. मी सांगितलं की ते माझ्याच रद्दीत होते, मीच लपवले होते, चाचांनी त्यांचा पुठ्ठा केला. एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढे गेले नसते. विजू उठली, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पदराला पुसले, उलटेपालटे करून पाहिले, आणि मग कागदांना हात लावला. सरही आम्हाला पोथीला हात लावण्याआधी असंच करायला लावायचे.

ती एकेक कागद वाचत होती. आतून कढईचा चर्र आवाज येत होता, जेवायला बसलेले दोघे ड्रायव्हर आमच्याकडे बघत होते. शेवटच्या कागदावरची माफी तिने हलक्या आवाजात वाचली, त्याच जुन्या उच्चारात. एक शब्द अडखळला नाही. मग मधले कागद पुन्हा काढून तिने एका अक्षरावर बोट ठेवलं.

"एकच हात शे," ती म्हणाली. "आठे तो थकेल व्हता. मी तुले तव्हयच सांगेल व्हतं."

मी वाकून पाहिलं. अक्षर मोठं झालं होतं, झुकलं होतं, पण पुढे दोन कागदांवर ते हळूहळू पुन्हा लहान होत मूळ वळणावर आलं होतं. आजारी माणूस बरा होत जातो तसं. ते मीच उतरवून घेतलं होतं. माझ्याच हाताने, वळण न वळण. त्यात घुसलेला कोणीही नव्हता. मी जिच्यासाठी विजूला घालवलं ती गोष्टच नव्हती.

मी म्हटलं, विजू, माझं चुकलं. याहून जास्त काही मला सुचलं नाही. तिने चष्मा काढून पुसला. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली की इतकी वर्षं तिला वाटत होतं, फडकं ढिलं होऊन कागद गाडीतच पडले असणार. माझ्यावर तिने कधी संशय घेतला नाही, चाचांवर नाही. स्वतःवर घेतला. पहिली काही वर्षं नंदुरबार डेपोची कोणतीही गाडी इथे थांबली की ती चढून सीटखाली बघायची. कोणास ठाऊक, तीच गाडी असली तर. कंडक्टर विचारायचे, ताई, काय हरवलं. ती म्हणायची, काही नाही.

मी म्हटलं, मी सगळीकडे सांगेन, लिहून देईन, मी जे लिहून दिलं होतं ते खोटं होतं म्हणून.

विजूने कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या.

"सर गयात," ती म्हणाली. "आते कोनले सांगशी?"

विभागात तेव्हाचं कोणी उरलेलं नाही. तो विषयच आता कोणी शिकवत नाही. ज्यांच्या कानावर मी ते घातलं होतं, ते कान नाहीत. म्हणून इथे लिहिते, वाचणाऱ्या कोणालाही. विसरवाडीच्या विजयाने माझे बारा कागद घेतले नव्हते. तिने त्या बखरीबद्दल जे म्हटलं ते बरोबर होतं आणि मी म्हटलं ते चूक. ती रशियाला गेली असती तर माझ्याहून चांगली अभ्यासक झाली असती.

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. ठेच्याने मला शिंका आल्या तशी ती पहिल्यांदा हसली, म्हणाली, अजून तशीच आहेस. कागद मी तिच्याकडेच ठेवून निघाले. तिने ते घेतले, गल्ल्याशेजारी ठेवले आणि उडू नयेत म्हणून वर बडीशेपेची वाटी ठेवली.

चारच्या सुमाराला नंदुरबारची गाडी आली. विजू मला बसवायला माझ्या मागोमाग वर चढली. माझी पिशवी तिने वरच्या फळीवर ठेवली, खिडकीची काच सारून दिली, जपून जा म्हणाली. मग उतरता उतरता, पुढचं दार येईपर्यंत, ती प्रत्येक सीटपाशी थांबत होती. एका हाताने दांडा धरून, गुडघ्याला हात लावून, ती वाकून खाली बघत होती. कंडक्टरने घंटी मारायचा हात तसाच धरून ठेवला होता. त्याला सवय असावी.

खिडकीतून मला गल्ल्याशेजारची वाटी दिसत होती, आणि तिच्याखालचे कागद.